भागूकाकूंच्या रिकाम्या बाटल्या

लग्न होऊन कडा या गावी आले त्याच दुपारी मला घुबडं ऐकू आली. एखादं नाही, चांगली पाच-सात. एक बारीक आवाजाचं, एक घोगरं, एक मध्येच शिट्टी घालणारं. भर उन्हात घुबडं कशी बोलतात म्हणून मी चुलीपुढून उठून अंगणात आले, तर आवाज शेजारच्या माळवदावरून येत होता. माळवदाच्या कडेकडेनं बाटल्या उभ्या होत्या. तपकिरी, हिरव्या, काळपट. वारं सुटलं की त्यांच्या तोंडावरून जायचं आणि त्या घुमायच्या. त्यांच्या मधोमध पदर खोचून एक थोराड बाई उभी होती. तिनं मला वरूनच विचारलं, "भ्याली व्हय गं? बाटल्या हायत्या. बोलत्यात वाऱ्यानं. तू मास्तराची ना?"

मी मान हलवली.

"मंग मास्तरीण तू. मी भागूकाकू. तितूनच बघ बरं, ही हिरवी सरळ हाय का तिरपी?"

"सरळ आहे," मी म्हटलं.

"नवी नवरी म्हणून खोटं बोलू नको. तिरपी हाय. कावून बरं तिरपी ऱ्हाती ही?" असं म्हणून त्या बाटलीपुढं बसल्या आणि पुढची सगळी दुपार त्यांनी तिच्या बुडाखाली मातीचा चिखल थापण्यात घालवली.

आमच्या मास्तरांची, म्हणजे माझ्या यजमानांची, कड्याच्या शाळेत नेमणूक होती. राज्य निजामाचं; पण नगरची इंग्रजांची हद्द तिथून जवळ. नगरच्या छावणीतले गोरे साहेब हिवाळ्यात काळवीट मारायला आमच्या माळावर येत. राहुट्या पडत, खानसामे कोंबड्या शोधत गावात फिरत, दोन-चार दिवस बार ऐकू येत आणि मग राहुट्या उठत. मागं उरत ती पिसं, डबे आणि बाटल्या. बाटल्यांतून काय येतं त्याला बिअर म्हणतात हे एकट्या मास्तरांना माहीत होतं. गाव त्याला 'गोऱ्याची शिंदी' म्हणे.

गोऱ्याची काय, देशी शिंदीसुद्धा काकूंच्या घरात कुणी कधी ओठाला लावली नव्हती. त्यांचे यजमान सखारामबापू गळ्यात तुळशीची माळ घालणारे. इतके सोवळे, की वाटेत शिंदीचं झाड लागलं तरी ते दुसऱ्या अंगानं जात. अंगानं बारीक, बोलणं त्याहून बारीक. शेत बरं होतं, बैल चांगले होते, लोक मान देत, पण पारावर बसले की कुणीतरी विचारायचंच, "बापू, आज किती रिचवल्या?" बापू बिचारे उठून घरी येत आणि माळवदाकडं न बघता आत जात.

एकदा ते धीर करून काकूंना म्हणाले, "अगं, लोकं हासत्यात."

"हासू द्या की," काकू म्हणाल्या. "पिणाऱ्यानं पिलं, त्येचं त्येच्यापाशी. आपल्याला काच मिळाली. बघा, ह्यातून बघा जरा. आपला खिलाऱ्या कसा सोन्याचा दिसतोय."

बापूंनी बाटलीतून बैल बघितला. दिसत होता खरा सोन्याचा. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

काकूंची बाटल्यांची भाषा त्यांची स्वतःची होती. तपकिरी ती 'काकवी', हिरवी ती 'मिरची', काळपट ती 'जांभूळ'. लांब मानेची ती 'सायबीण', आखूड मानेची ती 'फौजदार'. बाटलीवर उठावाची अक्षरं असली तर त्या मास्तरांना बोलावून वाचायला लावत. मास्तरांचं इंग्रजी जेमतेम. ते अक्षरं जुळवून काहीतरी नाव सांगत, आणि ते काकूंना पसंत पडलं नाही तर त्या म्हणत, "न्हाई, नीट वाचा. एवढ्या देखण्या बाटलीचं नाव इतकं वंगाळ असंल कावून?" मग मास्तर दुसरं सांगत.

बाटलीत काहीही ठेवायचं नाही हा त्यांचा नेम होता. घरात तेलाला भांडं नव्हतं, एरंडेल गळक्या बुधल्यात होतं, पण बाटली मागितली की काकू म्हणत, "तेल घातलं की ती तेलाची झाली. मंग तिला कोण बघतंय?" मला स्वतःला एकदा गुळवणी ठेवायला बाटली हवी होती. मी मागितली, तर त्यांनी त्यांच्या घरचा चांगला कल्हईचा गंज देऊन टाकला. बाटली दिली नाही.

राहुट्या उठल्याची खबर त्यांना सगळ्यांआधी लागे. शेणाची पाटी डोक्यावर घेऊन त्या माळावर जात. परत येताना पाटीत वरती शेण आणि खाली बाटल्या. सगळ्या गावाला माहीत होतं. तरी शेण वरती घालायचंच. "बापूंच्या अब्रूसाठी," असं त्या मला म्हणाल्या.

माळावर बिरू नावाचा धनगर मेंढरं चारायचा. एकदा त्याच्याकडं काकूंनी एक बाटली बघितली, आणि त्यांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. बाटली काकवीच, पण तिच्या अंगावर उठावाचा बोकड होता, पुढचे पाय उचलून उभा. बिरू त्या बाटलीत दूध घालून, तोंडाला चिंधी बांधून एका आईविना कोकराला पाजायचा. काकूंनी ज्वारी देऊ केली, तो नाही म्हणाला. घोंगडीला लोकर कातून देते म्हणाल्या, तर तो हसायलाच लागला. शेवटी त्याचा डोळा बापूंच्या पितळी तांब्यावर होता हे कळलं, आणि दुसऱ्या दिवशी काकू बोकडाची बाटली घेऊन घरी आल्या. मागून कोकरू आलं.

त्याच्या मागून बिरू ओरडत आला. "काकू, सौदा बाटलीचा झालाय! कोकराचा न्हाई!"

"मी कुटं आणलंय? त्येच आलंय. घिऊन जा की."

बिरूनं कोकरू खांद्यावर घातलं आणि नेलं. तासाभरानं ते पुन्हा दारात. त्यानं पुन्हा नेलं, ते पुन्हा आलं. तिसऱ्यांदा बिरूनं हात जोडले. "जा बे, ऱ्हा हितंच," असं कोकराला म्हणाला, आणि काकूंना म्हणाला, "मोठं झालं की न्हेतो."

ते कोकरू शिडीवरून माळवदावर चढायला शिकलं. इतक्या बाटल्यांत ते बरोबर बोकडाच्या बाटलीपाशी जाऊन उभं राही आणि तिला ढुसण्या देत ओरडे. काकू त्याला वाटीनं दूध पाजायला बघत, ते वाटीला शिवत नसे. शेवटी नेम मोडला. सगळ्या बाटल्यांत ती एक भरली जाऊ लागली. काकूंना ते फार लागलं होतं. दूध पाजताना त्या कोकराला म्हणायच्या, "पी लवकर, आन रिकामी कर माजी बाटली."

बापूंना मात्र बरेच दिवस तांब्या सापडला नाही. पुढं एकदा माळावर तहान लागली म्हणून ते बिरूकडं गेले, आणि बिरूनं त्यांना त्यांच्याच तांब्यातून पाणी दिलं. बापू पाणी प्याले, "तांब्या चांगला हाय," म्हणाले, आणि घरी आले. भांडण असं त्या घरात कधी ऐकलं नाही मी.

पण एकदा बापू खरोखर रडले. त्या दिवशी मी तिथंच होते.

त्यांची लेक तानी लग्नाची झाली होती. एक स्थळ आलं होतं, घाटाखालचं. घर मोठं, माणसं माळकरी, मुलगा कष्टाळू. बापूंनी कुलदैवताला नवस बोलला होता. पाहुणे दिवस मावळायच्या सुमाराला येणार होते. मी तानीची वेणी घालायला गेले होते.

त्याच सकाळी काकूंनी एक घोटाळा घरात आणून ठेवला होता. माळावर राहुट्या होत्या. खानसाम्याला ताक हवं होतं, काकूंनी मडकंभर ताक दिलं, आणि त्यानं खूश होऊन त्यांना एक बाटली दिली. आखूड मानेची, जांभूळ रंगाची, तोंडाला तारेनं बांधलेलं बूच. भरलेली.

"आता हिला रिकामी कुटं करू?" काकू बाटली पुढं धरून अंगणात फिरत होत्या. "ओ, ऐकलं का? बांधावर वतू का?"

"माज्या रानात न्हाई," बापू म्हणाले. "ज्वारी हाय तितं."

"वड्याला?"

"वड्याच्या खालच्या अंगाला देवीचं देऊळ हाय."

"मंग शेजारच्यांच्या परड्यात?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी नाही म्हटलं. आमच्या परड्यात नुकताच भोपळा लावला होता.

शेवटी उकिरडा ठरला. काकूंनी खुरप्यानं तार सोडवली. बाटली उन्हात बरीच तापली असावी, आणि हातात घेऊन त्या सकाळपासून हिंडत होत्या. तार सुटली मात्र, बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला. बूच बापूंच्या पागोट्याला लागून गोठ्यात गेलं. आणि बाटलीतून पांढरा फेस असा उसळला, की काकूंना वाटलं आता ही फुटणार. बाटली फुटू नये म्हणून त्यांनी तिला पोटाशी कवटाळलं. फेस तोंडावर, केसांत, चोळीत, लुगड्यावर. "धरा! धरा की! फुटंल ना ती!" असं त्या ओरडत होत्या आणि फेस काही थांबत नव्हता.

तेवढ्यात दारात गाडी थांबली. पाहुण्यांना वाटेत सोबत मिळाली म्हणून ते दुपारीच येऊन पोचले होते.

पुढं मुलाची आई, मागं मुलाचा बाप, आणि त्यांच्या मागं काठी टेकत मुलाचा म्हातारा आजा. तिघंही उंबऱ्यातच थांबले. काकू अंगणाच्या मधोमध उभ्या. नाकाच्या शेंड्यावर फेस. हातात बाटली. आणि वास तर असा, की गोठ्यातले बैल माना वळवून बघत होते.

काकूंनी डोक्यावरून पदर घेतला. तोही ओला होता. "या, बसा," त्या म्हणाल्या. "पिली न्हाई बरं का मी. नुसती आंघूळ झाली."

मुलाच्या आईनं नाकाला पदर लावला आणि नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं वर माळवदाकडं बघितलं. तिथं ती सगळी रांग उभी होती, आणि नेमकं वारं सुटलं.

"चला," तो म्हणाला. "गाडी वळवा."

बापू पुढं धावले. गळ्यातली माळ हातात धरून ते नुसती दाखवत होते, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. गाडी बघून मी दाराआड झाले होते; तिथं तानीनं माझा हात गच्च धरला होता. मला वाटलं, झालं, पोरीचं लग्न या बाटल्यांपायी बुडालं. आता हिला कोण करतंय?

तेव्हा तो म्हातारा आजा काठी टेकत टेकत आत आला. काकूंच्या जवळ गेला, त्यांच्या हातातल्या बाटलीला नाक लावलं, आणि डोळे मिटून उभाच राहिला. हा म्हातारा तरुणपणी नगरच्या छावणीत घोड्यांमागं मोतद्दार होता, हे आम्हाला मागाहून कळलं.

"आबा, चला की," मुलाचा बाप बाहेरून म्हणाला.

"थांब बे," म्हातारा म्हणाला. "ही हातभट्टी न्हाई. ही कर्नल सायबाची हाय. निसत्या वासावर वळकली मी." मग त्यानं बापूंच्या रडव्या तोंडाकडं बघितलं, माळेकडं बघितलं, माळवदाकडं बघितलं. "असली चीज घरात असून मालक पीत न्हाई? सगळी बाईच्या डोस्क्यावर वतली? आरं, असं घर दुसरं घावंल का तुला? बस खाली. पोरगी बोलवा."

मग तानी बाहेर आली, आणि सोयरीक ठरली. म्हाताऱ्यानं मानपान काही मागितलं नाही. फक्त जाताना ती ओली बाटली पुन्हा एकदा हुंगू द्या म्हणाला. काकूंनी हुंगू दिली. पण हात सोडला नाही तिच्यावरचा.

तानीचं लग्न झालं आणि वर्षाच्या आत आबकारीचा जमादार दारात आला. कुणीतरी चुगली केली होती, की कड्यात एका घरी दारूचा मोठा साठा आहे. जमादार घोड्यावरून उतरला, शिडीनं माळवदावर चढला, एकेक बाटली उलटी करून बघितली. सगळ्या रिकाम्या. गाव खाली जमलं होतं. मला वाटलं आता तो वरमून जाईल. पण तो माणूस मोठा हुशार निघाला.

"माल न्हाई, ह्याचा अर्थ माल संपला," तो म्हणाला. "ह्यवढा माल कोन पिला?"

"गोऱ्यांनी," काकू म्हणाल्या.

"गवाह हाय?"

"गोरे हायत की. नगरला जाऊन इचारा."

जमादारानं पंचनामा केला आणि सगळ्या बाटल्या गाडीत भरायचा हुकूम सोडला. तालुक्याला, आष्टीला, तहसीलदार साहेबांपुढं जायचं, गुन्हा शाबित झाला की बाटल्या फोडायच्या. 'फोडायच्या' हा शब्द ऐकला आणि काकूंचा चेहरा उतरला. त्यांनी गोठ्यातून ज्वारीचं सरमाड आणलं, गाडीत अंथरलं, प्रत्येक बाटलीला चिंध्या गुंडाळल्या, आणि शेवटी स्वतः बाटल्यांत जाऊन बसल्या. जमादार म्हणाला, "बाई, तुमी मागनं या." काकू म्हणाल्या, "म्होरं वाट खडबडीत हाय. ह्यांना धरायला कोण हाय?"

कचेरीचा कारभार उर्दूतून. म्हणून बापूंनी आमच्या मास्तरांना सोबत नेलं. पुढचं मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. सांगताना हसू आवरत नव्हतं म्हणून त्यांनी ताट तीनदा बाजूला सारलं होतं.

तहसीलदार साहेब म्हणजे तालुक्याचा राजाच. अंगात शेरवानी, दाढी नीट कापलेली, तोंडात नेहमी नेकीची गोष्ट. कचेरी माणसांनी गच्च भरलेली. बाटल्या जमिनीवर रांगेनं मांडलेल्या. बापू भिंतीला टेकून उभे.

साहेबांनी रांगेवरून नजर फिरवली. "तौबा, तौबा. ये सब कौन पिया, बाई?"

मास्तर सांगायला पुढं झाले, पण काकूंना तेवढं कळलं होतं. त्या पुढं सरकून बसल्या. एवढा मोठा हाकीम आपल्या बाटल्यांची चौकशी करतोय म्हणून त्यांना भीतीपेक्षा आनंदच झाला असावा. त्यांनी पहिली बाटली उचलली. "ही लांब मानेची हाय ना, ती लाल मिशावाल्या सायबाची. लिंबाखाली पडलीवती. ही मिरची त्येच्याच दोस्ताची, त्यो लंगडत व्हता. ही जोडी डागदर सायबाची. एकदाच आलता, पर पिला लई." अशा त्या एकेक बाटली उचलून सांगत चालल्या. कुठं सापडली, कधी, कुणी टाकली. कचेरी हसत होती. साहेबही मिशीत हसत होते.

मग त्यांनी एक काकवी उचलली. पदरानं पुसली. उजेडाला धरली. आणि साहेबांकडं बघून अगदी मनापासून म्हणाल्या, "आन ही तुमची."

साहेबांचं मिशीतलं हसू गेलं.

"तुमी मागल्या थंडीत पावण्यासंगं आलतात न्हाई का शिकारीला? तवाची. तुमच्या खानसाम्यानं बाभळीमागं पुरलीवती, मी उकरून काढली. अशी रंगाला चोख बाटली माज्यापाशी दुसरी न्हाई. तुमचे लई उपकार हायत साहेब. औंदा कवा येणार?"

मास्तर म्हणाले, हे उर्दूत सांगायचं की नाही याचा विचार मी करत होतो, पण साहेबांना मराठी माझ्याइतकंच येत होतं. साहेबांना खोकला लागला. पट्टेवाला पाणी घेऊन धावला. खोकला थांबल्यावर साहेबांनी कुणाकडंही न बघता कागद पुढं ओढला. "मुकदमा खारीज. नुसती रिकामी काच आहे. काच ठेवणं गुन्हा नाही." मग जमादाराकडं वळून म्हणाले, "सगळं सामान बाईंच्या घरी पोचव. आत्ता. झाकून ने."

झाकून नेलं. जमादारानं स्वतःच्या हातानं बाटल्या माळवदावर परत मांडल्या, आणि काकू खालून सांगत होत्या, "ती न्हाई रं, त्येच्या पलीकडं फौजदार ठेव!" जमादाराला वाटलं त्याची थट्टा चाललीय.

पुढं मास्तरांची बदली औरंगाबादला झाली. नगरला जाऊन आगगाडी धरायची होती. आमचं सामान एका गाडीत मावेना, म्हणून बापूंनी आपली गाडी जुंपली, आणि "मास्तरणीला पोचवायला" काकूही बसल्या. साऱ्या वाटेनं त्या डोळे पुसत होत्या. माझंही तेच चाललं होतं. औरंगाबादला कोण शेजारी मिळेल, कशी असेल, हेच मनात.

नगरजवळ वाट छावणीच्या पिछाडीनं जाते. तिथं एक ओढा आहे. ओढ्याच्या पलीकडं मला एक टेकडी दिसली आणि ती उन्हात चमकत होती. नीट बघितलं तर ती टेकडी बाटल्यांची होती. छावणीभर जे प्यालं जाई ते सगळं तिथं आणून ओतत असावेत. बापूंनी ते माझ्याआधी बघितलं असणार, कारण त्यांनी एकदम बैलांना चाबूक दाखवला. कधी नाही ते.

"थांबा," काकू म्हणाल्या.

"अगं, गाडी चुकंल त्यांची."

"मी म्हणते थांबा."

गाडी थांबायच्या आत त्या उतरल्या होत्या. आमची ट्रंक, वळकट्या, पाटा-वरवंटा सगळं त्यांच्या गाडीत. मास्तरांनी आणि बापूंनी ते धावत-पळत कसंबसं आमच्या गाडीत कोंबलं. मी त्यांना हाक मारली, "काकू, निघतो आम्ही!" त्या ओढ्यात गुडघाभर पाण्यात होत्या. तिथूनच हात हलवला, वळल्या नाहीत. अलीकडं रस्त्यालाच पहाऱ्यावर एक शिपाई होता, तो बंदूक उगारून धावला. "ए बाई! उतरो नीचे! सरकारी जगह है!"

काकू तोवर अर्ध्या टेकडीवर. "ओरडतो कावून बे? पाय घसरंल ना माजा! हितं खाली निळी हाय. निळी! धर जरा ही वरची."

आमची गाडी हलली. मी मागं तोंड करून बसले होते. वळणावर पोचेपर्यंत दिसत होतं. टेकडीच्या माथ्यावर काकू, पदर कमरेला, हातानं खालची एक जागा दाखवताहेत. त्या जागी तो शिपाई, बाह्या सारून, दोन्ही हातांनी बाटल्या उपसतोय. आणि अलीकडं रस्त्यावर आमचे माळकरी बापू, एका हातात बैलांचा कासरा आणि दुसऱ्या हातात सरकारची बंदूक, ती जमिनीला लागू नये म्हणून अंगापासून लांब धरून, पहारा देताहेत.